तोंडाचं इंजिन

“बघा, चढ लागला. आता गिअर बदलतेत,” किराणा दुकानासमोर कुणीतरी म्हणालं आणि स्कूटरवर मागे बसलेल्या मी मान आणखी खाली घातली. पुढे रंगनाथकाकांनी खरंच ‘घुर्रर्र’चं ‘डुगडुग’ केलं. तोंडाने. त्यांची स्कूटर बॅटरीची. तिला गिअर नाहीत, आवाजही नाही.

काका आमचे मंठ्यातले शेजारी. त्यांचं बियाण्यांचं दुकान माझ्या ऑफिसच्या वाटेवर, म्हणून जाता-येता मी त्यांच्या मागे. मी गल्लीत कुणाशी बोलत नाही, हे त्यांना सोयीचंच. इंजिन चालू असताना त्यांना गप्पा मारता येत नाहीत.

स्कूटरला ते म्हशीसारखं जपतात. चार्जिंग झालं तरी लगेच निघत नाहीत. “आत्ताच जेवली ती. जरा बसू द्या.” उन्हात उभी असली की सीटवर ओला टॉवेल टाकतात, ऑफिसात पोचल्यावर मी बराच वेळ उभीच असते. लग्नाला गेले की बॅटरी पिशवीत घालून मांडवात नेतात आणि नवरा-नवरीच्या आधी प्लग शोधतात. एकदा त्यापायी फोटोवाल्याचे दिवे गेले. यजमान चिडले, तर काका शांतपणे म्हणाले, “सगळे जेवूनच राह्यले ना? मंग ही बी वऱ्हाडीच.”

हॉर्न असताना तोंडाला त्रास कशाला, हे मी एकदा धीर करून विचारलं.

“हॉर्न तर कुणीबी वाजवतं,” ते म्हणाले. बाकीचं तुटक तुटक सांगितलं. काकूंना आता दिसत नाही. दिवसभर आतून कडी लावून एकट्या असतात. जुन्या मोटारसायकलचा आवाज त्या कोपऱ्यावरूनच ओळखायच्या आणि दार उघडायला उठायच्या. नवी स्कूटर आली त्या दिवशी काहीच ऐकू न येता एकदम दार हललं. काकांनी हाका मारल्या, तरी कडी निघेना. निघाली तेव्हा काकूंनी आधी त्यांचा चेहरा चाचपून पाहिला. दुसऱ्या दिवसापासून काकांनी इंजिन तोंडात घेतलं.

परवा काकांचा घसा बसला. संध्याकाळी कोपऱ्यावर त्यांनी जोर लावला. नुसती हवा निघाली. पुन्हा लावला. दुकानासमोरचे हसले. काकांनी स्कूटर थांबवली. अंगठा हॉर्नवर ठेवला, दाबला नाही. समोर त्यांचं बंद दार होतं आणि ते पुढे जाईनात. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

सगळी गल्ली बघत होती.

“काकू,” मी ओरडले, “काका आलेत. कडी काढा.”