सत्तरीपुढे पसरत नाही

मोठ्या बाई शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांच्यासमोर डॉक्टरसुद्धा ताठ बसत. बाईंच्या स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली होती. तो पसरलाय का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. रुग्णालयाने त्यासाठी नुकतंच भाकीत करणारं यंत्र घेतलं होतं. पूर्वी डॉक्टर चाचपून सांगत, आता यंत्राला विचारून सांगत.

डॉक्टरांनी वय भरलं, अठ्ठ्याहत्तर. पडदा हिरवा झाला.

"अभिनंदन! सत्तरीपुढे पसरल्याची एकही नोंद नाही."

मुलाचा जीव भांड्यात पडला. सून तर पिशवी उचलून निघालीसुद्धा.

"सत्तरीपुढच्या किती जणींना तपासलंत?" बाईंनी विचारलं.

"एकीलाही नाही. पसरतच नाही म्हटल्यावर उगाच त्रास कशाला द्यायचा?"

"म्हणजे हजेरी न घेताच सगळा वर्ग हजर!"

"आई, या वयात कशाला खुसपट काढतेस?" मुलगा पुटपुटला.

"वय झालंय माझं. जीव नकोसा नाही झालेला."

खरं तर बाई मनातून पार घाबरल्या होत्या. पण घाबरलं की आवाज चढवायचा, ही शाळेतली सवय कामी आली. त्या खुर्चीतून उठेचनात. बाहेर रांग वाढली, तेव्हा खास बाब म्हणून काखेची तपासणी मंजूर झाली; स्तनाचा कर्करोग बहुधा आधी तिथेच पसरतो.

काखेत कर्करोगाच्याच दोन गाठी निघाल्या. वेळेत सापडल्या, उपचार सुरू झाले. काही महिन्यांनी बाई पुन्हा सगळ्यांच्या चुका काढू लागल्या, तेव्हा गुण येतोय हे घरच्यांनी ओळखलं.

रुग्णालयाने आपली चूक मोठ्या मनाने दुरुस्त केली. बाईंची माहिती यंत्रात भरली गेली. सत्तरीपुढची ती पहिली आणि एकमेव नोंद. तपासलेली एक, जिच्यात पसरलेला आढळला तीही एकच. यंत्राने चोख हिशेब केला.

पुढच्या खेपेला बाई बाहेर बसल्या होत्या. आतून एक आजी डोळे पुसत आल्या.

"काय म्हणाले हो?"

"सत्तरीपुढे शंभर टक्के पसरतोच म्हणे. मग तपासून काय करायचं? घरी जा म्हणाले."

बाईंनी त्यांचा हात धरला आणि तडक आत शिरल्या. "चला, दोघी मिळून बसू."

बसायला मात्र काही नव्हतं. मागच्या अनुभवातून धडा घेऊन रुग्णालयाने पेशंटची खुर्चीच काढून टाकली होती. बाईंनी खाली फरशीवर बैठक मारली.

आपण सत्तरीच्या आत असाल, तर खुशाल हसा. यंत्राला घाई नाही.