महाराजांच्या छातीवरील यशबचक्राची हकीकत

वरती वाटोळे आकाश, खाली चौकोनी धरित्री, उभयतांस दंडवत घालोन लिहिणार लिहितो. ऐकणारांनी सावध ऐकावे. महाराजांच्या राज्यारोहणाचे वर्ष एकेचाळिसावे, ऋतु वसंत, ते समयी पूर्वसमुद्राकडील एका राज्यी वर्तले ते ऐसे.

त्या राज्यी यशब म्हणोन हिरवा पाषाण, ज्यास जेड ऐसेही म्हणतात, त्याची थोर मातबरी. तो कोणत्याही पात्यास दाद देत नाही, म्हणोन ओल्या वाळूने घासघासोन त्याची वाटोळी चक्रे करीत आणि मधोमध भोक पाडीत. चक्र म्हणजे आकाश आणि भोक म्हणजे आकाशाचा दरवाजा. राजा निवर्तला म्हणजे भोवती चोवीस चक्रे मांडावी आणि थोरले चक्र छातीवर ठेवावे, मग जीव त्या दरवाजाने वर जातो, ऐसा तेथील लोकांचा निश्चय. ही चक्रे सांभाळावयास हू वेई नामे साठीचा भला गृहस्थ होता. रोज सकाळी चक्रे रेशमाने पुसावी, त्यांशी दोन शब्द बोलावे आणि मग न्याहारी करावी, ऐसा त्याचा क्रम.

तो एके दिवशी महाराज बदकाचे मांस यथेच्छ जेविले, वरी तांदळाची दारू प्याले, आणि जेवणाच्या बैठकीवरच आडवे जाहले ते हालेनात. राजवैद्य धावले. नाकापाशी रेशमाचा पुंजका धरावा आणि न हालल्यास मृत्यु समजावा, ऐसी रीत. परंतु वैद्यांस पडसे होते, त्यांची शिंक पुंजक्यावर पडली आणि तो चिंब भिजला, मग हालतो कशाचा! वैद्य हात जोडोन बोलिले, "महाराज आकाशी गेले." आणि मग एकच आकांत जाहला. सूर्य मावळण्यापूर्वी प्रेतपेटीचे झाकण बसावे ऐसा नेम, म्हणोन महाराजांस प्रेतवस्त्रे नेसवोन पेटीत निजविले आणि तिसरे प्रहरीच चारशे सरदार दिवाणखान्यात उभे राहिले. कायदा ऐसा की, थोरले चक्र ठेविल्यापासोन झाकण बसेपर्यंत कोणी चकार शब्द काढू नये; काढील तो राजासवे जिता पुरला जाईल.

वेईने थोरले चक्र छातीवर ठेविले, आणि पाहतो तो चक्र वर गेले आणि खाली आले. त्यास वाटले, जीव दरवाजातोन निघतो आहे, धन्य माझे डोळे! इतक्यात महाराज हळूच घोरले, ते पेटीपाशी उभ्या वेईसच ऐकू आले. बोलावे तर खड्डा, न बोलावे तर महाराज जिते मातीत. मग त्याने विधिप्रमुख शांग यानजींकडे पाहोन दोन्ही हात फडफडाविले. यानजींस वाटले, हा कोणी पुरातन विधि असेल, आपणच विसरलो, काय ही लाज! म्हणोन त्यांनीही हात फडफडाविले, आणि मागे चारशे सरदारांनी फडफडाविले. वेईने गालाखाली हात घेवोन निद्रेची खूण केली, आणि अवघ्या दरबाराने माना कलत्या केल्या. मग तो कासावीस होवोन उड्या मारू लागला, आणि सर्वांनी ऐशा उड्या मारिल्या की सेनापतींची टोपी उडोन वैद्यांच्या डोक्यावर बसली, तरी महाराज घोरतच राहिले. आणि मग हमालांनी झाकण उचलिले. तेव्हां वेईने मनी म्हटले, मेलो तर मेलो, आणि ओरडला, "अहो थांबा! महाराज घोरताहेत!"

"शब्द काढिला!" यानजी गरजले. "पुरा यास!"

त्या गलबल्याने महाराजांनी एक डोळा उघडिला. "कोण रे ओरडतो? आणि छातीवर हे जाते कोणी ठेविले?"

दरबार पालथा पडला. यानजी भुईस नाक लावोन बोलिले, "महाराज, आपण निवर्तला आहां."

"कोणास विचारोन?"

"परंतु कायदा ऐसा की वेईस आपणांसवे पुरावे."

"मी तर कोठे जात नाही," महाराज उठोन बसले. "तुम्हांस हौस असेल तर तुम्ही निजा." आणि मग वेईस बोलिले, "माग, काय हवे ते."

वेई रडत रडत बोलिला, "महाराज, हे चक्र माझ्या बापाने घासले. अकरा वर्षे राजाच्या कारखान्यातोन घरी आला नाही, तेथेच सरला. आई नव्वदीस पोचली, तिने ते पाहिले नाही. एक वेळ तिच्या हाती द्यावे."

"आकाशाचा दरवाजा म्हातारीच्या हाती?" यानजी दचकले.

"मातीच्या हाती देत होतां तो?" ऐसे म्हणोन महाराज प्रेतवस्त्रांनिशीच चालू लागले, चक्र काखेत, वेई मागे. मेलेला राजा पाहोन पेठेत लोक किंकाळ्या मारीत माड्यांवर चढले आणि महाराज आनंदाने हात हालवीत राहिले.

म्हातारी दारी शेंगा सोलीत होती. तिने चक्र घेतले, उलटे केले, सुलटे केले आणि भोकातोन वर पाहिले. महाराज बोलिले, "आजी, आकाश दिसले काय?"

"आकाश रोजच दिसते, बाबा," ती बोलिली आणि भोकाच्या कडेवरोन बोट फिरवीत राहिली. "मेल्याने किती गुळगुळीत केले आहे पहा!" मग तिने चक्र गालास लाविले आणि हसू लागली, ती डोळ्यांस पाणी येईतो हसली. वेई तिच्या पायांशी बसला, आणि महाराज पायरीवर बसोन शेंगा सोलू लागले.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. महाराजांनी पुढे बारा वर्षे राज्य केले, आणि मौनाचा कायदा दुसरेच दिवशी मोडीत निघाला. जैसे घडले तैसे लिहिले.