हा आवाज मधूचा नाही

नागपुरात कोणत्याही टॉकीजवर नव्या सिनेमाचं पोस्टर लागलं, की एक-दोन दिवसांत त्याच्या कोपऱ्यात एक लहानसा फोटो चिकटलेला दिसायचा. मान किंचित वाकडी करून हसणारा एक मुलगा, कपाळावर आलेला केसांचा कोंबडा. सिनेमा देवादिकांचा असो, डाकूंचा असो, नाहीतर मद्रासकडून आलेला मारामारीचा असो. देवाच्या प्रभावळीशेजारी किंवा डाकूच्या बंदुकीखाली हा मुलगा हसतच असायचा. त्याचं नाव मधू. तो नट होता. आणि फोटो चिकटवत फिरणारे ते त्याचे वडील, आमच्या शेजारचे दौलतकाका.

मी एकदा भीत भीत विचारलं, "काका, या सिनेमात तं मधूदादा नाही न?"

"त्याईले अक्कल असती तं असता," काका म्हणाले आणि फोटोवरून तळहात फिरवून त्याची एक सुरकुती काढली. "त्याईची चूक आपण दुरुस्त करून राहिलो. त्यात काय बिघडलं?"

सुताला लावायची घरची खळ ते डब्यात घेऊन फिरायचे. ती इतकी चिवट, की जुनं पोस्टर फाडून नेलं तरी भिंतीवर तेवढा मधू शिल्लक राहायचा.

आमची गल्ली सक्करदऱ्याकडची, विणकरांची. माझे वडील विणतात, दौलतकाका विणतात. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिला. कॉलेजात मला नीट बोलता येत नाही, चारचौघांत तर मुळीच नाही. पण तिथली मुलं दौलतकाकांना 'पोस्टरवाला पागल' म्हणतात, ते ऐकून माझं डोकं तापतं. तेव्हा जे माहीत आहे ते सरळ लिहून टाकावं, असं ठरवलं.

काका पागल नव्हते. रागीट होते. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "हा का न्याय झाला गा?" नळाला पाणी उशिरा आलं तरी तेच आणि चहात साखर कमी पडली तरी तेच. एकदा आमच्या बकरीनं त्यांच्या दारातली तुळस खाल्ली, तेव्हा तर ते बकरीसमोर उकिडवे बसले आणि तिलाच विचारू लागले, "सारी गल्ली सोडून मायीच तुळस? हा का न्याय झाला गा?" बकरीनं कान हलवला. काकांनी तो गुन्ह्याचा कबुलीजबाब धरला आणि तिला सोडून दिलं.

काकू मधू लहान असतानाच वारल्या होत्या. घरात दोघंच. मधूदादा गणपतीतल्या नाटकांत कामं करायचे आणि बरी करायचे. कोणीतरी म्हणालं, तू मुंबईला जा. ते गेले. काकांनी अडवलं नाही. उलट गल्लीत सांगत फिरले, "बोलावलं त्याले," जरी कोणी बोलावलेलं नव्हतं.

मुंबईत त्यांना काम देण्याआधी लोकांनी त्यांचं नाव बदललं. मधुकरचा झाला मयंक कुमार. ही बातमी आली त्या दिवशी काकांनी दुपारी जेवायचं ताट तसंच ठेवलं.

"मधुकर म्हणजे का शिवी हाय? बारशाले सारी गल्ली जेवली. त्याच्या आत्यानं कानात नाव सांगतलं. अन् आता मुंबईत हे कोण नवीन आत्या निघाले?"

पहिल्या सिनेमात मधूदादा कोर्टातल्या गर्दीत उभे होते. नायक साक्ष देताना हात वर करतो आणि त्याच्या कोपराआड मधूदादा जातात ते जातातच. काकांचं म्हणणं, नायकानं ते मुद्दाम केलं. "सरळ बोलता येत नव्हतं का? हात काहून उचलला? पोराचं तोंड दिसलं तं आपलं कोण पाहीन, हे भेव!"

दुसऱ्या सिनेमात ते हॉटेलातला पोऱ्या झाले. टेबलावर कप ठेवून "चाय, साब" म्हणायचं, एवढंच. पण बोलणं होतं! गांधीबागेकडच्या टॉकीजमध्ये काका रोज पहिल्या बाकावर बसायचे. तो प्रसंग जवळ आला, की उठून मागे वळायचे आणि थिएटरला दम द्यायचे, "शेंगा ठेवा खाली! कोणी चावाचं नाही! आता बोलते तो." मधूदादा "चाय, साब" म्हणून गेले, की काका बसता बसता परवानगी द्यायचे, "हां, खा आता."

लोक हसायचे, पण शेंगा खरंच थांबायच्या. मी स्वतः पाहिलं आहे.

मग तिसरा सिनेमा मिळाला. त्यात मधूदादा नायकाचे धाकटे भाऊ होते. गाणं नव्हतं, पण बोलणं भरपूर. शूटिंग संपलं आणि त्यांना कावीळ झाली. ती त्यांनी अंगावर काढली. काम हातचं जाईल म्हणून कोणाला सांगितलं नाही, असं नंतर कळलं. तार आली तेव्हा काका खळ शिजवत होते. मिळेल त्या गाडीनं निघाले. ते पोचेपर्यंत मुंबईच्या लोकांनी सगळं उरकून टाकलं होतं. काका मधूदादांची ट्रंक घेऊन परत आले.

वयाची पंचविशीही गाठली नव्हती त्यांनी. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. 'मूळचे इंदूरचे उदयोन्मुख अभिनेते मयंक कुमार यांचे निधन.' मी ते वाचून दाखवलं तेव्हा काका रडले नाहीत. चप्पल घालून थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. मी मागोमाग.

टेबलावरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "काका, चूक झाली खरी. पण दुरुस्ती छापायची, तर तसं मोठं नाव लागतं."

"मराले बी मोठं व्हा लागते का गा?" काका म्हणाले.

त्या माणसानं मान खाली घातली आणि समोरचे कागद सारखे करायला लागला. दुरुस्ती छापली नाही. मला आजही तो राग आहे. ज्याचं नाव आधीच काढून घेतलं, त्याचं गावही काढून घ्यायचं, आणि वर म्हणायचं, तुमचा मुलगा पुरेसा मोठा नव्हता!

वर्षभरानं तो सिनेमा नागपूरला लागला. पहिल्या दिवशी गल्लीतले सगळे माग बंद. बायका-मुलं, म्हातारे, सगळे टॉकीजवर. काकांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. दिवे गेले. मधूदादा पडद्यावर आले, अगदी तसेच, मान वाकडी करून. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आणि त्यांनी तोंड उघडलं.

आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी होता. जाड, घोटलेला, रेडिओवर बातम्या सांगतात तसला. मधूदादांचा आवाज पातळ होता, बोलताना शेवटी थोडा वर जायचा.

काका बाकावर उभे राहिले. "बंद करा! हा आवाज मधूचा नाही! माया पोराच्या तोंडात कोण बोलून राहिलं?"

मागून शिट्ट्या आल्या. "अबे बैठ ना बुढ्ढे!" डोअरकीपर आला. काका कोणाचा हात अंगाला लागू न देता ताठ मानेनं बाहेर पडले, आणि त्यानंतर आत गेले नाहीत.

पण टॉकीजवर ते रोज जायचे. तिकिटाच्या रांगेशेजारी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "तोंड खरं हाय, आवाज नकली हाय. पाहून घ्या." एखादी बाई विचारायची, "काहून गा बाप्पा, आवाजाले काय झालं?" की काका तिला सगळं सांगत बसायचे, तोवर तिचं तिकीट जायचं. काही लोक तर नकली आवाज कसा असतो ते ऐकायलाच आत जाऊ लागले. कॉलेजात मुलं एकमेकांच्या कानात ओरडायची, "आवाज नकली हाय!" मी एकदा कँटीनमध्ये उठून म्हणालो, "हसण्यासारखं काय आहे यात?" माझा स्वत:चाच आवाज इतका चिरकला, की ती मुलं आणखीच हसली.

गुरुवारी, सिनेमाच्या शेवटच्या दिवशी, मी कॉलेजातून परस्पर टॉकीजवर गेलो. मॅनेजरनं काकांना आपल्या खोलीत बसवून चहा दिला होता. बहुधा रागवून रागवून तो थकला असावा.

"काका, समजून घ्या," तो म्हणाला. "शूटिंगच्या वेळचा आवाज ठेवत नाहीत. नंतर नट पडद्यासमोर उभा राहतो आणि परत बोलतो. तुमचा मुलगा त्याआधीच गेला. मग दुसऱ्याला बोलवावं लागलं. तो पडद्यावरचे ओठ बघतो आणि तसा बोलतो. त्या बिचाऱ्याची चोरी नाही त्यात."

काका बशीतला चहा फुंकत होते. ते थांबले.

"ओठ पाहून?"

"हो. ओठ हलले की बोलायचं."

"अन् ओठ थांबले तं?"

"तर त्यालाही थांबावं लागतं. नाहीतर जमणार कसं?"

काकांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहून म्हणाले, "चाल बरं."

दुपारचा खेळ होता. आत माणसं तुरळक. काका पहिल्या बाकावर गेले नाहीत. मधेच कुठेतरी बसले. मधूदादा पडद्यावर आले, त्या जाड आवाजात बोलू लागले. मला वाटलं, काका आता उठतील. त्यांनी फक्त पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

मग तो मोठा प्रसंग आला. धाकटा भाऊ आईसमोर उभा आहे आणि घर सोडून का जातो ते सांगतो आहे. "माँ, मैं जा रहा हूँ, लेकिन..." एवढं बोलून मधूदादा थांबले. खूपच थांबले. आईकडे बघत राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, "डायलॉग भूल गया क्या बे!" हशा झाला. मग ते पुढे बोलले. दोन वाक्यं झाली आणि मध्येच, थांबायचं काही कारण नसताना, परत थांबले.

काकांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की दुखलं.

"आयकलं का? थांबला."

"हो काका."

"शेवटच्या दिवाळीले आला होता न, तेव्हा हे सारं त्यानं मायासमोर पाठ केलं. मी मागावर, तो बाजूले उभा. माया ताना जुना, धागा सारखा तुटे. धागा तुटला का माये डोळे तिकडे जात. मंग तो चूप. मी म्हणो, बोल न गा, आयकून राहिलो. तं म्हणे, नाही बाबा, तुम्ही गाठ मारून घ्या. तुमचं लक्ष नाही तं मी कोणाले सांगू?"

काका कुजबुजत होते. मागच्या रांगेतल्या माणसानं "श्श" केलं. काकांनी तोंड माझ्या कानाशी आणलं.

"तसंच पाठ झालं त्याले. जिथं धागा तुटला, तिथं थांबणं. तिकडे मुंबईत थांबला. मी तं तिथं नव्हतो, तरी थांबला." त्यांनी नाक पुसलं. "अन् हा जो बोलून राहिला न, हा कोण बाबा असन तो... यालेही थांबा लागलं."

पडद्यावर आई रडत होती. मधूदादा तिच्या पायाशी वाकले, एक वाक्य बोलले आणि पुन्हा थांबले. थिएटरात परत कोणीतरी हसलं. मी काकांकडे पाहिलं. अंधारात त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरले, चिमटीत काही नसताना हलकेच ओढले गेले.

गाठ बसली. मधूदादा पुढे बोलू लागले.