दुकान बंद करण्याचे कारण

बावीस वर्षं लोकांच्या शर्टांना इस्त्री केल्यावर लाँड्रीवाल्यांनी दुकान बंद करून कादंबरी लिहायचं ठरवलं. बायको म्हणाली, "अहो, लिहा की. तुमचा हात कोणी धरलाय?"

तो परवाना कार्यालयाने धरला होता. दुकान उघडायला परवानगी लागते, तशी बंद करायलाही लागते. अर्जात कारणं तीनच छापलेली होती: मृत्यू, आग, दिवाळखोरी. लाँड्रीवाल्यांनी तिन्ही खोडून 'लेखन करणे' असं लिहिलं. आठवड्याने अर्ज परत आला. शेरा होता: कारण समाधानकारक नाही, सविस्तर लिहावे.

त्यांनी बारा पानं लिहून नेली.

"पान चारवर तुमचे वडील आहेत," खिडकीतले कारकून म्हणाले, "पुढे ते कुठे गेले?"

"वारले, साहेब."

"मग तसं लिहा ना! माणूस असा मध्येच सोडून देता येत नाही."

लाँड्रीवाल्यांनी वडिलांच्या मरणाची सोळा पानं लिहिली. जे इतकी वर्षं कोणापाशी बोलले नव्हते, ते लिहिताना त्यांना रडू आलं. मग पान एकसष्टवर शेरा आला: पत्नी फार लवकर राजी होते, पटत नाही, खुलासा करावा. बायकोने तो वाचला.

"बरोबर आहे त्यांचं. मी राजी कधी झाले? वैतागून म्हटलं होतं मी."

खुलाशाला तीस पानं लागली.

वर्षभरात अर्ज दोनशे बारा पानांवर गेला. कारकुनांनी तो दोनदा वाचला, वरिष्ठांनी एकदा, आणि शेवटच्या पानाशी मोठ्या साहेबांचे डोळे भरून आल्याची रीतसर नोंद फाइलीत आहे. निर्णय असा झाला: 'अर्जदाराने दुकान चालू असताना उत्तम लेखन केल्याचे सोबतच्या कागदांवरून सिद्ध होते. सबब, दुकान लेखनाच्या आड येत नाही. अर्ज नामंजूर.'

लाँड्रीवाले अर्जाची प्रत घेऊन प्रकाशकांकडे गेले. त्यांनी गठ्ठा हातात तोलून पाहिला.

"जड आहे. वाचणार कोण?"

"तिघांनी शेवटपर्यंत वाचलंय, साहेब."

"त्यांना पगार मिळतो. बिनपगारी वाचणारा एक आणून दाखवा, उद्या छापतो."

एकच वाचक हवा होता. मेहुण्याने 'सवडीने बघतो' म्हणून गठ्ठा नेला आणि त्यावर टेबलफॅन ठेवला. शेवटी लाँड्रीवाल्यांनी अक्कल लढवली. पानांच्या प्रती काढल्या आणि इस्त्रीच्या प्रत्येक शर्टाच्या घडीत एकेक पान ठेवायला सुरुवात केली. खाली लिहिलं, 'पुढचे पान दुकानात मिळेल.'

"कोणीतरी मागायला येईलच," ते बायकोला म्हणाले.

"येईल हो," ती म्हणाली. या वेळी मनापासून म्हणाली.

याला आता तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात तुमच्या निळ्या शर्टाच्या घडीत वडिलांच्या मरणाचं पहिलं पान होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात शिरलात, तेव्हा लाँड्रीवाले हातातली इस्त्री ठेवून उभे राहिले. कॉलरवरचा डाग तसाच आहे, एवढंच सांगायला तुम्ही आला होतात.