श्रावणआबांचा वॉल

श्रावणआबा रोज सकाळी माणसांच्या आधी दगडांशी बोलतात. हातात काठी, डोक्याला पंचा. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एकेका दगडापाशी थांबायचं, त्याला काठीनं टोचायचं आणि विचारायचं, "काऊन बे, राती सरकला त नाई ना?" दगड गप्प राहिला की "शायना हायेस" म्हणून पुढच्याकडं. आमच्या बाजूच्या दगडांची उलटतपासणी जरा कडक असते.

आबा एकटे राहतात. त्यांची बायको वारली, मुलगा सुरतेला. त्यामुळे दगडांना वेळ भरपूर.

आमचं गाव वरवट बकालच्या अलीकडं, खारपाणपट्ट्यात. घराशेजारच्या शेतात बोअर आहे, पण त्याचं पाणी असं की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाहुण्यासमोर चहा फाटतो. आईनं लावलेली लिंबाची रोपं त्या पाण्यानं पिवळी पडायची. मग ती डोक्यावरच्या गुंडातून, म्हणजे हंड्यातून, गोडं पाणी आणून एकेका रोपाला तांब्यानं पाजायची. मला कळायला लागल्यापासून तिची मान आखडलेलीच मी पाहिली. गोड्या पाण्याची विहीर आमचीच होती, पण नाल्याकाठच्या दुसऱ्या तुकड्यात. मधे श्रावणआबांचं शेत. आणि धुऱ्यावरच्या एका दगडावरून आबा आणि माझे बाबा एकमेकांशी बोलत नव्हते, मी शाळेत जायच्या आधीपासून.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. सांगायला लाजत नाही. नोकरी लागली तेव्हाच ठरवलं, पाइपलाइन टाकायची. बाबा म्हणाले, "श्रावण्याच्या वावरात म्या पाय ठेवत नाई." म्हणून मीच गेले.

आबांनी बाजेवर बसवलं, तासभर आमच्या दगडांच्या तक्रारी सांगितल्या आणि होकार दिला. अटी दोन. पाइप वखराला लागणार नाही इतका खोल गाडायचा. आणि खोदताना काळी माती एकीकडं, खालची पिवळी दुसरीकडं. बुजवताना "वरची वर, खालची खाली".

ते "वरची वर, खालची खाली" जेसीबीवाल्याच्या डोक्यात गेलं. आबा चरीच्या काठानं मशीनबरोबर चालायचे आणि प्रत्येक ढिगाऱ्यापाशी हात वर करायचे. शेवटी तो वैतागून ओरडला, "आबा, माती हाय ते, भाकर नाई!"

"भाकर तिच्यातूनच निंघते बे! खाली कर थो बकेट, हळू!"

अर्धं शेत झालं आणि कडुलिंबापाशी आबा काठीसकट चरीत उतरून बसले.

"इथी वॉल बसव."

मी म्हटलं, "आबा, पाणी बंद करायचा वॉल विहिरीवर आहे. मधे कशाला? तुम्हाला पाणी पाहिजे का? तोटी काढून देते."

"मले नोको तुमचं पाणी. वॉल पायजे. रोज खोलाचा, रोज बंद कराचा. कालेज शिकली न तू? मंग एक वॉल बसवता येत नाई?"

बाबांना फोन केला. ते कडाडले, "चोरीची सोय करून राह्यला थो! बंद कर काम!"

आभाळ भरून आलं होतं. पाऊस पडला की चर ढासळणार. पेरणी झाली की आबाच काय, कोणीच शेतातून चर नेऊ देणार नाही. म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी एक वर्ष गुंड. जेसीबीवाला हॉर्न वाजवत होता. आबा चरीत मांडी घालून ढिम्म. मी फिटरला म्हटलं, "बसव वॉल." बाबा आठवडाभर माझ्याशीही बोलले नाहीत.

पाणी सोडायच्या दिवशी मी विहिरीवर, आई घरच्या टोकाला. मोटर लावली. फोनवर विचारलं, "आलं?"

"नाई वं."

"आता?"

"नाई आलं, माय."

पायाखालचा पाइप थरथरायला लागला. एका जॉइंटातून पाण्याची चिळकांडी उडाली. लाइन फुटेल या भीतीनं मी मोटर बंद केली. तेवढ्यात फोनवर बाबा, "अडवलं न त्यानं? म्या सांगतलं होतं!" आणि फोन कट.

मी धावत सुटले. समोरून बाबा येत होते, हातात फावडं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या शेतात.

आबा कडुलिंबाखाली पोत्यावर बसलेले.

"वॉल काऊन बंद केला बे?" बाबा गरजले.

"म्या?" आबा उठले. "फिटर बंद करून गेला. सकायपासून वाट पाहून राह्यलो, कोनी खोलाले येते का."

"मंग तुले हात नाई?"

"तुह्या पाण्याले म्या हात लावला असता, उत्तम, त तूनं गावभर सांगतलं असतं."

उत्तम म्हणजे माझे बाबा. सांगितलं असतंच त्यांनी. फावडं खाली ठेवून ते वाकले आणि वॉलचं चक्र फिरवलं. "मोटर लाव, बाई," म्हणाले.

मी विहिरीवर पळत जाऊन मोटर लावली. यावेळी फोनवर आधी नुसती हवा फुसफुसली. मग पाण्याचा धबधबा, मग आईचा आवाज, "आलं वं! गोड हाय! गोड हाय!"

परत आले तर बाबा त्याच पोत्यावर, आबांच्या शेजारी. आबा किटलीतून कपात चहा ओतत होते. किटली एक, पण कप दोन होते. सकाळीच घरून आणलेले.

"उद्या कवा येशीन खोलाले?" आबांनी विचारलं.

"सकायी."

"लवकर ये. चहा थंडा होते."

त्या वॉलची खरं तर काही गरज नाही. उघडा ठेवला तरी चालतो. मी बाबांना तसं समजावून सांगितलं. "तुले नाई समजत त्यातलं," म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या. सकाळी उघडायला जातात, संध्याकाळी बंद करायला. दोन मिनिटांच्या कामाला बराच वेळ लागतो. दगडांची चौकशी हल्ली आबा घाईत उरकतात.

यंदा लिंबाला पहिला बहार आला. आईनं गुंड माळ्यावर ठेवला. गोडं पाणी आमच्या घरापर्यंत आलं.