काका, तुमची गाडी मी चालू करतो!

यंत्रांच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही! साताऱ्यात आमच्या गल्लीत कुणाचा मिक्सर अडला, कुणाची पाण्याची मोटर जळली, की पान्हा घेऊन पहिला मी हजर. वस्तू दुरुस्त होतेच असं नाही. पण मी उघडलेली वस्तू दुसऱ्या कुणाला बंद करता येत नाही, एवढी ख्याती नक्की आहे.

याच ख्यातीनं माझा घात केला.

दोन महिन्यांपूर्वी वाईचे आमचे नारायणकाका गेले. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड मांडले आणि आम्ही सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळे होते हो! अकरा होते. समोरच्या भिंतीवर ओळीनं बसले होते आणि आमच्याकडे टक लावून बघत होते. एकही ओरडेना, एकही हलेना. एरवी घाटावर केवढी कलकल असते, पण त्या दिवशी अंगावर काटा यावा अशी शांतता!

"इच्छा राहिलीय काहीतरी," गुरुजी म्हणाले. "बोला, मोठ्यानं बोला!"

काकांचा मुलगा अनीश पुढं झाला. "बाबा, आईला मी पुण्याला नेतो!"

कावळे ढिम्म.

"बाबा, नाही नेत!"

तरीही ढिम्म. मग कुणी घराला रंग द्यायचं कबूल केलं, कुणी बांधाचं भांडण मिटवायचं. ऊन डोक्यावर आलं, पोटात कावळे कोकलायला लागले, पण बाहेरचे जागचे हलेनात! तेवढ्यात मला काकांच्या हॉलमधला जुना फोटो आठवला. गुडघ्याएवढी चिमुकली मोटारसायकल आणि तिच्या हँडलवर हात ठेवून उभे असलेले तरुण काका. मी छाती पुढं काढून ओरडलो, "काका, तुमची ती छोटी गाडी मी चालू करतो! काकूंना तिच्यावर बसवून घाटापर्यंत आणतो!"

वाक्य पुरं व्हायच्या आत टोकाचा कावळा सुसाट आला आणि पिंडावर तुटून पडला!

"गाडीतच जीव अडकला होता बघा," सगळे म्हणाले. गुरुजींनी मात्र मला बाजूला घेतलं. "पितरांना शब्द दिलाय तुम्ही. मासिकाच्या आत पुरा करा. नाहीतर तो जीव इथंच घुटमळत राहायचा."

म्हणजे काकांची गती आता माझ्या पान्ह्यावर अवलंबून! घरी येऊन प्रमोदिनीकाकूंना सांगितलं. "खरंच करणार आहेस?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता माघार कसली घेताय!

गाडी काकूंच्या माहेरी, तासगावला बेदाण्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं पडून होती. मी टेम्पो घेऊन गेलो. शेडवरच्या तानुबाई म्हणाल्या, "न्या बाबा, न्या. त्या गाडीखाली मांजर बी बसत न्हाई."

वाईला काकूंच्या अंगणात ती उतरवली आणि मी रजा टाकून कामाला लागलो. गाडीवर कंपनीचं नाव नव्हतं, काही नव्हतं. पण मी एका नजरेत ओळखली! "इंग्लंडची आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानातून पॅराशूटनं टाकायचे अशा गाड्या." दुपारी मोबाईलवर फोटो ताडून बघितले आणि ती जपानची ठरवली. संध्याकाळपर्यंत इटलीला पोचलो होतो.

मदतीला मुजीब मिस्त्री होता. त्यानं इंजिनवरचा गंज खरवडला आणि हसला. "वरदभाऊ, ह्ये इंजिन द्राक्षबागेतल्या फवारणी पंपाचं हाय. फ्रेम सायकलच्या पायपाची. तासगावच्या फुडं गेलेली न्हाई ही गाडी कवा!"

मी विषय बदलला. "आधी कीक मारून बघू."

टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. मी नुसती सहज कीक मारली. आणि गाडी खोकली! खों, खों, मग घसा खाकरल्यासारखा खर्रर्र आवाज. हुबेहूब काकांचा खोकला!

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "गरम पाणी देऊ का हो?"

मग भांडं पडल्याचा आवाज झाला. मुजीब आणि मी एकमेकांकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी नवीन प्लग बसवला. मुजीब आणि मी चहा घेऊन परत येतो तर प्लग गायब! सगळं अंगण पालथं घातलं. शेवटी तो सापडला देवघरात, बाळकृष्णाशेजारी, तुळशीचं पान वाहिलेला.

"काकू, तुम्ही ठेवलात?"

"मी सकाळपासून पापड लाटतेय."

घरात चौथं माणूस नव्हतं. प्लग उचलायच्या आधी मी हात जोडले. मग मुजीबला ठामपणे म्हणालो, "काकांनी आशीर्वाद दिलाय प्लगला!"

"देऊ द्या की. पर जागेवर ठिवून द्यायचा ना गड्या!"

तिसऱ्या दिवशी त्यानं सायलेन्सर उतरवून आरपार साफ केला, फुंकून दाखवला, परत बसवला. आम्ही जेवून आलो, कीक मारली, गाडी पुन्हा खोकली. मुजीबनं सायलेन्सरमध्ये तार घालून ओढली. तारेबरोबर पांढरा दोरा आला. ओढतोय, ओढतोय, दोरा संपेना! शेवटी ब्रह्मगाठ बाहेर आली. कोरं करकरीत जानवं! काजळीचा एक डाग नाही!

"काकांनी गाडीची मुंज लावली," मी म्हणालो.

मुजीबनं हत्यारं गोळा केली. "भाऊ, कार्बुरेटर म्हणा, वायरिंग म्हणा, म्या करतो. ह्यो रोग माझ्या हातचा न्हाई. आन एक सांगू? मालकाच्या मनात ही गाडी चालू व्हायचीच न्हाई."

"अरे, मग कावळा कशाला शिवला?"

"ते तुमचं तुमी बघा," म्हणाला आणि गेला.

मासिक दुसऱ्या दिवशी होतं. मला रडूच यायला लागलं. लहानपणी काका मला बोटाला धरून घाटावर न्यायचे, भेळ घेऊन द्यायचे. त्या माणसाला मी माझ्या बढाईपायी असं मध्येच लटकत ठेवणार? रामरक्षा म्हणत मी प्लग घट्ट आवळला, पेट्रोल भरलं आणि कीका मारायला सुरुवात केली. साठ मारल्या. पाय सुजला. गाडी खोकायचीही थांबली.

"सर बाजूला," मागून आवाज आला.

काकू! पदर खोचलेला, चष्मा दोरीनं बांधलेला. बाहत्तर वर्षांच्या काकूंनी चोक ओढला, टाकीवर एक चापट मारली, एकच कीक हाणली, आणि फटफटफटफट! अंगणाच्या भिंतीवरचे कावळे उडाले!

"काकू, तुम्हाला येते?"

"माझीच आहे ती. दादांनी, माझ्या थोरल्या भावांनी, पंपाचं इंजिन लावून मला करून दिली होती. लग्नात मी इकडे घेऊन आले."

"आणि काका?"

"ते मागे बसायचे. डोळे मिटून. एकदा मेणवलीपर्यंत नेलं त्यांना, तेव्हापासून प्लग काढून देवघरात ठेवायला लागले. सोवळ्याशिवाय मला हात लावता येऊ नये म्हणून! तो मिळाला, तर सायलेन्सरमध्ये जानवं कोंबायचे. शेवटी कंटाळून मीच माहेरी नेऊन ठेवली."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे घाटावर तो कावळा..."

"तुझं तोंड बंद करायला आला असणार! आणखी काय काय कबूल केलं असतंस, कोण जाणे."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर दुरुस्त केली असतीस?"

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. "काकू, या वेळी प्लग देवघरात कुणी ठेवला?"

काकूंनी ॲक्सिलरेटर पिळला. "बस मागे. शब्द दिलायस ना?"

काय सांगू तुम्हाला! गुडघे कानाला लागलेले, चपला रस्त्याला घासतायत, आणि काकू बाजारातून गाडी अशी काढतायत की भाजीवाल्या पाट्या उचलून पळतायत! मी सीटच्या अगदी टोकाला बसलो होतो. माझ्यामागं फक्त मडगार्ड. घाटाचा उतार लागला तशी काकूंनी मान जराशी वळवली. विशीतल्या मुलीसारख्या हसत होत्या.

"अहो, घट्ट धरा हं!"

"धरलंय काकू, धरलंय!" मी किंचाळलो.

"तुला नाही रे म्हणत."

मागं वळून बघायची माझी काही हिंमत झाली नाही. मी आपला गुपचूप थोडा पुढं सरकलो. वडीलधाऱ्यांना जागा करून द्यायला नको?