ठकीला घरात ठेवण्याचा बंदोबस्त

मांजर घरात कसं ठेवायचं, हे अख्ख्या पोलादपूर तालुक्यात माझ्याइतकं कुणाला कळत नसेल! निदान मे महिन्यातल्या त्या सकाळपर्यंत मला तसंच वाटत होतं.

आमचं घर हमरस्त्याला चिकटून. आमच्या ठकी मांजरीची आई नुकतीच ट्रकखाली गेली होती, आणि रस्ता ओलांडायची हौस ठकीला आईपेक्षा दांडगी! तिला वाचवायचं तर घरातच कोंडायला हवं. माझी आई महाडच्या बाजारात गेली आणि मी पुढचं दार लावलं, मागचं लावलं, खिडक्यांना कड्या घातल्या. ठकी माळ्यावर, मी खाली पहाऱ्यावर. तुरुंगात असा बंदोबस्त नसेल!

एक मात्र विसरले. आमच्या वाडीत दिवसाढवळ्या कुणी दार लावत नाही. लावलं म्हणजे आत काहीतरी आक्रीत घडलं!

शेजारच्या गोदूबाईंनी दारावर थाप मारली. "प्रयागे, दार कशाला लावलंस गो?"

"काकी, ढकलू नका! उघडलं तर जीव जाईल!"

कुणाचा, ते सांगणार तोवर गोदूबाई बोंबलत सुटल्या, "धावा गो! काशीबायचं काय खरं नाय!"

काशीबाई म्हणजे माझी आई.

वाडी लोटली. सोनबाकाका तर तिरडीचे बांबू तोडायला कोयता घेऊनच आले! गर्दी रस्त्यावर सांडली, महाडहून येणारी एस्टी थांबली, तिच्यामागे ट्रक थांबला. एस्टीतून उतरली कोण? आई! बंद दार आणि रडारड बघून तिने पिशवी टाकली. "माझी पोर गो!"

गोदूबाईंनी तिला पोटाशी धरलं. "रडू नको, काशीबाय..." आणि आपण कुणाला धीर देतोय, ते बघून मटकन खालीच बसल्या!

आईचा हंबरडा ऐकून मी दार उघडलं. "आई, काय झालं गं?"

उत्तर गालावर मिळालं.

"मग जीव कुणाचा जात व्हता?" सोनबाकाकांनी कोयता खाली न ठेवताच विचारलं.

"ठकीचा! माळ्यावर आहे ती."

"माळ्यावर?" एस्टीचा ड्रायव्हर म्हणाला. "मग ती कोण?"

भिंत आणि कौलांमधली फट मी बुजवलीच नव्हती. ठकी ट्रकच्या चाकाला पाठ टेकून आईच्या पिशवीतली पावसाळ्यासाठी आणलेली सुकट खात होती!

आता सुट्टी संपेपर्यंत मी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा आईचा हुकूम आहे. दार सताड उघडं असतं. ठकी मात्र रस्त्याकडे फिरकत नाही. दिवसभर उंबऱ्यावर बसून माझ्यावर पहारा ठेवते!